भरडावरचं घर : पहिल्या वर्षाच्या नोंदी

२४ सप्टेंबर २०२३

गणपतीला सगळे एकत्र होते म्हणून विषय निघाला, आणि गौरी-गणपती पोचवून लोक परतीच्या गाड्यांना लागायच्या आत तो संपवायचा असं मीच धरून बसले. कुडाळ तालुक्यातलं आमचं जुनं घर काकांच्या वाट्याला. गणपती तिथेच बसणार, त्यावर वाद नाही. पण सणाला वीस-पंचवीस माणसं तीन खोल्यांत किती वर्षं झोपणार? भरडावर, म्हणजे उताराच्या लाल मातीच्या वरकस भागात, सामायिक जमीन आहे, ७२ गुंठे. तिथे घर बांधायचं.

ठरलं ते असं. कर्ज काढायचं नाही. दर वर्षी ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे पैसे घालायचे. पाच-सात वर्षं लागतील, लागू देत. पण एक अट मी लिहून घेतली: कुठल्याही वर्षीचं काम अर्धवट राहून पावसात जाता कामा नये. जे हाती घेऊ ते मृगाच्या आधी छप्परासकट, किंवा छप्पर लागणारच नाही अशा स्थितीत, पुरं झालं पाहिजे. गावात पाच वर्षांपूर्वीचे चौथरे गवत खात पडलेले मी पाहते आहे. लोकांचे पैसे संपले होते असं नाही, टप्पे चुकले होते.

दादाला स्लॅबचं घर हवं होतं. गावात स्लॅबची घरं मोजा आणि त्यांतल्या कितींवर आता पत्र्याची शेड आहे तेही मोजा, एवढंच मी म्हटलं. वहिनी हसली. स्लॅब बारगळला.

नोंदी मी ठेवणार. आमच्याकडे प्रत्येकाला आपलाच निर्णय आठवतो.

२० ऑक्टोबर

सातबारा. सात नावं, त्यांतली दोन वारलेल्यांची. आजोबांच्या नावाखाली वारस लागलेत, पण धाकट्या आजोबांच्या बाजूचे लागलेले नाहीत. कोकणात हे नवल नाही. आमच्या शेजारच्या गटात नावांची यादी दुसऱ्या पानावर जाते. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला. फेरफार पडून मंजूर व्हायला वेळ जाईल तो जाईल.

आत्याचं नाव आहे. चुलतभावाने सहज सुचवलं, "आत्याकडून हक्कसोड करून घेऊया, पुढे सह्यांचा त्रास नको." गावात रीत अशीच आहे, बहिणीला साडीचोळी द्यायची आणि सही घ्यायची. मी नाही म्हटलं. एक तर माझंही नाव उद्या त्याच रांगेत येणार आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि ते कागदावर असून घरात नसेल तर उपयोग काय? दुसरं म्हणजे आत्याला विचारलंच नव्हतं कोणी. फोन केला. ती म्हणाली, "माका एक खोली होयी. दार भायल्या बाजूक." बाहेरच्या बाजूला दार असलेली एक खोली. सही देईन, पण हक्क सोडणार नाही. मला हा व्यवहार स्वच्छ वाटला. नकाशात पहिली नक्की झालेली खोली आत्याची.

परवानगीचं. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला शेतीच्या सोयीसाठी शेतघर बांधता येतं. पण प्रादेशिक योजनेतल्या भागात आधी परवानगी लागते, क्षेत्र किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे, असावं लागतं आणि जोत्याच्या क्षेत्रफळावर मर्यादा असते. आमचे ७२ गुंठे आहेत. पण हे सगळं सामायिक खात्यावर सगळ्यांच्या संमतीने. म्हणून वारसनोंद आधी, मग मोजणी, मग नकाशा.

१० नोव्हेंबर

मोजणीचा अर्ज भरला. भूमी अभिलेखची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा) हातात आल्याशिवाय गडगा (हद्दीचं दगडी कुंपण) घालायचा नाही, कारण खालच्या बाजूचा शेजारी आणि आपण यांच्यात एक सुकलेला काजू हीच हद्द आहे असं दोघेही सांगतात, पण दोघांचे काजू वेगवेगळे.

जमीन लिहून ठेवते. वर सडा: उघडा काळपट कातळ, पावसाळ्यात चार महिने हिरवळ, एरवी तवा. त्याखाली भरड: लाल माती, काजू, काही रायवळ आंबे, एक मोठा फणस, पूर्वी इथे नाचणी व्हायची. त्याच्याखाली दोन कुणगे (भातखाचरं), अजून भात होतं, आणि कुणग्यांच्या कडेला विहीर. सगळ्यांत खाली वहाळ, म्हणजे ओढा. घर सड्यावर नको. वारा आणि पाणी चढवणं दोन्ही जड. कुणग्यांत तर नकोच, भाताची जमीन बांधून घालवायला आमच्याकडे आहेच किती. राहिलं भरड. वहाळापासून उंच, सड्याच्या पोटात, पश्चिमेच्या वाऱ्याला पाठ.

२७ नोव्हेंबर

गाऱ्हाणं झालं. नारळ ठेवून गावकारांनी देवाला सांगितलं की ही पोरं इथे घर बांधू म्हणतात, मुंबैक आसत, येतत-जातत, तेंका सांभाळ, कामावर येणाऱ्या माणसाक काय होव देव नको. "व्हय म्हाराजा!" प्रत्येक वाक्याला. माझा देवावर विशेष भर नाही, पण गाऱ्हाण्यात कामगाराच्या हातापायाची काळजी येते हे मला आवडतं. आमच्या ऑफिसातल्या भूमिपूजनात ती कोणी करत नाही.

मग खड्डे. पाया कुठे लागेल ते पाहायला उतारावर वरून खाली तीन खणले. वरचा: दीड फूट माती, लगेच टिकावाला ठणठणीत जांभा. मधला: अडीच फुटांवर जांभा. खालचा: पाच फूट गेलो तरी कडक लागेना, पिवळट-पांढरी शेडी, ओली केली की बोटांत साबणासारखी सरकते. जांभा म्हणजे नुसतं टोपण असतं. वरची पाणी पिणारी दगडी टोपी आणि खाली मऊ चिकण. टोपी जिथे संपते तिथे काठावर घर ठेवलं तर पाया कशावर?

मी मधल्या खड्ड्याभोवती मोठ्या घराच्या खुंट्या ठोकल्या. मेस्त्री बघून म्हणाले, "ठोका. पण पाणी खंय फुटता ता पावसात बघा. मगे दोरी मारूया." म्हणजे एक पावसाळा थांबायचं. त्यांनी या गावात घरं बांधण्यात आयुष्य काढलंय. थांबायचं.

म्हणून पहिल्या वर्षी घर नाही. पहिल्या वर्षी मांगर. अठरा बाय बारा फूट, वरच्या खड्ड्यापाशी, जिथे जांभा दीड फुटावर आहे. अवजारं, सिमेंट, काजूची पोती ठेवायला. आणि पुढची पाच वर्षं काम चालू असताना राहायला.

१४ डिसेंबर

लाकूड. बाबांचा आग्रह, झाड तोडायचं तर अंधाऱ्या पंधरवड्यात, थंडीत. मी आधी याला परंपरा म्हणून बाजूला ठेवत होते. पण लाकूड पोखरणारा भुंगा येतो तो पिठूळ अंशासाठी, आणि झाडातला रस कमी वाहतो त्या दिवसांत कापलेल्या लाकडाला कीड कमी लागते असं सुतारही सांगतात. चंद्राचं मी सांगू शकत नाही, थंडीचं पटतं. जुने लोक कापलेले वासे वहाळाच्या डोहात महिनोन् महिने बुडवून ठेवायचे, त्यामागेही तेच: पीठ पाण्यात जाऊ दे.

तूर्त झाड तोडायचंच नाही. खाजगी जमिनीतलं असलं तरी साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि आपल्याकडे लाकूड आहे. जुन्या घरामागचा गोठा दहा वर्षं रिकामा आहे. काकांनी दिला. उतरवायला चार माणसं लावली. आढं किंजळीचं, अजून कुऱ्हाड उडते. वासे भेरल्या माडाचे, काळेभोर. दोन तुळयांना वाळवी लागलेली, त्या सरपणाला. रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) सगळ्या गेल्या. नवीन माणग्याच्या (हा बांबूच) काठ्या घेऊ. आपल्याच बेटातला माणगा, भरीव असतो, त्याचं बरं आहे.

कौलं उतरवताना एक गंमत. काहींवर 'बासेल मिशन, मंगळूर, १८६५' असा इंग्रजी ठसा. चुलतभाऊ लगेच फोटो काढायला लागला, दीडशे वर्षांची कौलं म्हणून. १८६५ हे तो कारखाना सुरू झाल्याचं साल. ठसा नंतरच्या कौलांवरही तसाच येत राहिला. गोठा पणजोबांनी बांधला, तेव्हा कौलं त्यांच्याच काळातली असणार. तरी शंभराच्या आसपास आहेतच, आणि वाजवली की अजून भांड्यासारखी वाजतात. फुटकी वगळून साडेचारशे निघाली. मांगराला हिशेबाने सहाशे ते साडेसहाशे लागतील (चौरस मीटरला पंधरा-सोळा धरून, तीन फूट वळचण ठेवून). उरलेली कोणाच्या तरी उतरवलेल्या घरातून. गावात घरं उतरतायत, कौलं मिळतात.

बाबा पत्र्याच्या बाजूचे. "पत्रो घाल आणि मोकळी हो. माकडां कौलां ठेवतली काय?" मुद्दा खरा आहे. गावात अर्ध्या छपरांवर पत्रा आला तो माकडांमुळेच. पण मे महिन्यात पत्र्याखाली झोपून दाखवा, मग बोलू. कौलं ठरली. फुटलं की हाक मारायची नाही, अशी बाबांची अट.

६ जानेवारी २०२४

चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे ठोकळे कापायची खाण. आता सगळं मशीनने कापतात, खाण म्हणजे लाल पायऱ्यांची उलटी इमारत. चिरा साधारण चौदा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच. वजन तीस किलोच्या आसपास. मांगराच्या भिंतींना, दोन त्रिकोणी माथ्यांना आणि दोन फूट जोत्याला मिळून माझा हिशेब हजार आला, मेस्त्रींनी न मोजता "हजार-अकराशे" सांगितलं होतं. भाव इथे लिहीत नाही. तो खाण, अंतर आणि ओळख यांवर बदलतो, आणि कोणीतरी वाचून मेस्त्रींशी भांडेल.

चिरा कसा बघायचा ते आज शिकले. रंग एकसारखा विटकरी-जांभळट हवा. पिवळे डाग म्हणजे आत मऊ माती; पावसात ती वाहून जाते आणि चिऱ्याला भोकं पडतात. दोन चिरे एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचा. आणि ताजा कापलेला चिरा लावायचा नाही. खाणीतून निघतो तेव्हा तो ओला आणि मऊ असतो, हवा लागून कडक होत जातो. "एक पावस खांव दे तेका," मेस्त्री म्हणतात. मांगरासाठी खाणीवर गेल्या वर्षापासून पडलेली रास घेतली, वरून शेवाळ आलेली. भाव थोडा जास्त. मोठ्या घराचे चिरे याच उन्हाळ्यात आणून आपल्या जागेत रचून ठेवायचे म्हणजे पाऊस फुकटात काम करेल.

डंपर पाणंदीतून वर येत नाही. वळणावर उतरवून पुढे छोट्या टेम्पोने. पाणंद रुंद करायला दोन शेजाऱ्यांची संमती लागेल. हा टप्पा कोणाच्या बोलण्यात नव्हता, मीही धरला नव्हता. घराच्या आधी रस्ता.

२५ जानेवारी

जोतं झालं. दीड फुटावर कडक लागलं, तिथून चिऱ्याची जोडी. आत जांभ्याचा खडक-मुरूम भरून, पाणी मारून, चोपून.

कामाचे दिवस कसे धरायचे याचा हिशेब आता कळला. भात कापून, झोडून होईपर्यंत माणूस मिळत नाही, म्हणजे नोव्हेंबर गेला. मार्चपासून काजू आणि आंबा, सगळी माणसं बागेत. मधले डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आपले. त्यातही जत्रांचा हंगाम. रात्री दशावतार, पहाटे तीनला राक्षस मरतो, सकाळी आठला कामावर कोण येणार? गेल्या आठवड्यात शेजारच्या गावची जत्रा होती आणि जोत्यावर मी, बाबा आणि एक कुत्रा. मी चिडले नाही, कारण आदल्या रात्री मीही तिथेच होते.

१२ फेब्रुवारी

भिंती खिडकीच्या डोक्यापर्यंत.

सांध्यात काय घालायचं यावर बरंच बोलणं झालं. गावातल्या जुन्या भिंती मातीत बांधलेल्या आहेत आणि उभ्या आहेत. उंच जोतं आणि मोठी वळचण यांच्या जिवावर. दादाने फोनवरून सिमेंट सांगितलं, "पैसे मी घालतो." सिमेंटचा सांधा चिऱ्यापेक्षा कडक होतो. भिंतीतलं पाणी मग सांध्यातून बाहेर पडण्याऐवजी चिऱ्यातून पडतं आणि वर्षानुवर्षं चिराच झिजतो, सांधा फासळीसारखा पुढे उरतो. देवळाच्या मागच्या दुरुस्त केलेल्या भिंतीत हे दिसतं. शेवटी: जोत्यात सिमेंट, वर भिंत मातीत, आणि बाहेरच्या दर्जा (सांध्यांची तोंडं) चुन्यात थोडं सिमेंट घालून. शुद्ध चुन्याचं काम करणारा माणूस जवळपास राहिला नाही. घाणीचा (घाणीत दळलेला) चुना मळलेला शेवटचा कधी पाहिला हे मेस्त्रींनाही आठवावं लागलं.

वाळूचं एक. कोणी खाडीची वाळू देऊ केली, स्वस्त. खारी वाळू नको. नंतर भिंतीला लोणा फुटतो आणि रंगवाल्याचं घर चालतं. चिरा कापताना पडलेला भुसा चाळून वापरला.

कोनाचे चिरे मेस्त्री स्वतः लावतात, मधले दुसऱ्यांना देतात. ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघतात, मग उगाच आणखी एकदा. सांधेमोड (सांध्यावर सांधा येऊ न देणं) कुठेही चुकलेली नाही. मी विचारलं, इतकं कशाला, मांगर तर आहे. "मोठा घर बांधूक माकाच बोलावतालास मा?" म्हणाले. बोलावणार.

६ मार्च

छप्पर चढलं. आंगणेवाडीची जत्रा आटोपून सुतार आले. आढं बसलं, भेरल्या माडाचे वासे, त्यावर माणग्याच्या रिपा. उतार तीस अंशांचा. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. याहून कमी उतार ठेवला तर कौलाच्या सांध्यातून पाणी मागे चढतं.

हिशेब म्हणून: एवढ्याशा मांगराच्या छपरावरून पावसाळाभरात एक लाख लिटरच्या वर पाणी उतरेल. ते वळचणीखाली पडून जोतं उखडणार, म्हणून पागोळीच्या खाली चारी आणि चारीला खालच्या काजूंकडे वाट. घराच्या आधी पाण्याची वाट काढायची, हे आमच्या आजीचं. ती केरसुणीच्या काडीने अंगणात काढून दाखवायची.

१८ मार्च

निवडणुकीची आचारसंहिता लागली. कार्यालयात सगळे त्या कामाला. मोजणीची तारीख पुढे गेली. वारसनोंद मात्र झाली. सातबाऱ्यावर आता नऊ नावं, नऊही जिवंत.

शिमगा तोंडावर. आठवडाभर काम होणार नाही.

१४ मे

उन्हाळ्याच्या शेवटी विहीर बघितली, कारण आता जेवढं पाणी तेवढंच खरं. ३२ फूट खोल, दहा फूट व्यास, चिऱ्याची सुकी बांधणी, आजोबांच्या वेळची. चार फूट पाणी. दोन फूट उपसलं आणि खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा खुणेवर. म्हणजे रात्रीतून साडेचार हजार लिटर. बांधकामाला, घराला आणि चार कलमांना पुरे. नवीन बोअर मारू म्हणणाऱ्यांना मी हा आकडा वाचून दाखवला. गाळ काढला, तळाशी पितळी तांब्या सापडला, आईने तो न घासताच उचलून ठेवला.

संडास दोन खड्ड्यांचा. एक भरला की दुसरा चालू, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवून खत. जांभ्याच्या भेगांतून पाणी कुठेही जातं, म्हणून विहिरीपासून शक्य तेवढा दूर आणि विहिरीच्या वाटेवर नसेल अशा उतारावर. यासाठी मी सगळ्यांत जास्त भांडले, कारण पाहुण्यांना लांब पडेल अशी तक्रार. लांब पडू दे.

७ तारखेला मतदान होतं, आदल्या-नंतरच्या दिवसांत मुंबईची माणसं आलेली. त्याचा फायदा घेऊन मोठ्या घराचे पहिले चिरे उतरवून घेतले. दोन-दोन चिऱ्यांच्या अरुंद रांगा, मध्ये फट ठेवून. दादाने पहिल्यांदाच तीस किलोचा चिरा उचलला आणि पुढचे दोन दिवस स्लॅबचं नाव काढलं नाही.  

वीज मीटर पुढच्या वर्षावर ढकललं. सध्या सौर दिवा.

९ जून

मृग लागलं, पाऊस त्याच्या दोन दिवस आधीच धरून बसला होता.

मांगर: आढ्याजवळ एका जागी गळतं, कोना (आढ्यावरचं कौल) नीट बसलेला नाही. बाकी कोरडा. पश्चिमेकडून झड येते, ती भिंतीवर थेट बसते. माडाचे झाप विणून पश्चिमेला बांधले. गावात दर जूनला सगळेच बांधतात, पुढे पडवी आली की गरज राहणार नाही. जमीन शेणाने सारवलेली, अजून ओलसर.

माकडांनी पहिल्या आठवड्यात पाच कौलं फोडली. बाबांना हाक मारली नाही. ते आपणहून शिडी घेऊन आले आणि वर चढून बराच वेळ काहीच बोलले नाहीत, हे बोलण्यापेक्षा वाईट.

२१ जुलै

या नोंदीसाठी सगळं वर्ष थांबलो होतो.

सलग सहा-सात दिवस मुसळधार. छत्री फेकून खुंट्यांपाशी गेले. वरच्या दोन खुंट्या कोरड्या जमिनीत, म्हणजे पाणी वरून वाहून निघून जातंय. खालच्या दोन खुंट्यांमध्ये जमीन मऊ, आणि त्यातल्या पूर्वेकडच्या खुंटीपासून दोन पावलांवर जमिनीतूनच पाणी फुटलंय. वरून येत नाही, खालून. स्वच्छ, गार, बोटभर जाड धार. थोडं पुढे आणखी एक.

उलगडा सोपा आहे. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपत खाली येतं, शेडीला अडतं, आडवं सरकत राहतं आणि जांभ्याची टोपी जिथे संपते तिथे बाहेर पडतं. नोव्हेंबरात मधल्या खड्ड्यात अडीच फुटांवर कडक लागलं होतं ते खरंच. पण ती टोपी तिथून थोडंच पुढे जाऊन संपते. तिथे स्वयंपाकघर येणार होतं. जोतं कितीही उंच केलं असतं तरी दर जुलैला भुईतून ओल चढली असती, आणि खालची शेडी भिजून सरकली असती तर भिंतीला तडा.

जिथे जिथे पाणी दिसलं तिथे माणग्याच्या काठ्या रोवल्या, वर लाल चिंधी. उन्हाळ्यात या जागा ओळखू येत नाहीत. फोनमध्येही टिपल्या, पण फोन बदलतात.

मेस्त्रींना फोन केला. पलीकडे पाऊस एवढा की त्यांना ऐकू गेलं ते फक्त "पाणी". "फुटला मा?" म्हणाले, आणि जेवायला बसले होते म्हणून ठेवला.

१५ सप्टेंबर

पुन्हा गणपती झाला. या वेळी सहा माणसं मांगरात झोपली, दाराला कडी लावून, कौलांखाली. आत्या एक रात्र राहिली आणि तिने आपल्या खोलीचं दार कुठे हवं ते काठीने दाखवलं. पूर्वेला. काठ्या-चिंध्या बघून म्हणाली, तिच्या लहानपणी इथे म्हशी डुंबायच्या. हे आधी का सांगितलं नाहीस? कोणी विचारलं नव्हतं.

रचलेल्या चिऱ्यांतले पिवळ्या डागांचे चिरे पावसाने आपोआप दाखवून दिले. भोकं पडलेले शंभरेक बाजूला काढले. ते गडग्याला जातील. गडगा मोजणीनंतर, मोजणी आता ऑक्टोबरात आहे.

खुंट्या वर सरकवल्या, चढाकडे साधारण पंचवीस फूट. चौथरा आता पूर्ण जांभ्यावर. फुटणारं पाणी घराच्या खालच्या अंगाला राहतं, तिथे दगडी कुंडी बांधून ते कुणग्यात सोडायचं, शेतीला मिळालंच. पण घर वर गेल्यामुळे जमीन जास्त कापावी लागणार आणि मागच्या बाजूला पाणी अडवायला चिऱ्याची ताल (आधाराची भिंत). खर्च वाढला. चुलतभावाने वाढीव रक्कम विचारली, मी सांगितली, तो गप्प झाला आणि मग म्हणाला की एक वर्ष जास्त धरू. धरू.

एक अडचण उरते. नवीन आखणीत मोठा फणस पडवीच्या आत येतो, पश्चिमेच्या कोपऱ्यात. दादा म्हणतो परवानगी काढून तोडू, तुळया निघतील, लाकूड उत्तम. आई म्हणते पडवी वळवा. पडवी वळवली तर वासे एका लांबीचे राहत नाहीत आणि कौलात कोन येतो. कोन आला की गळती. मेस्त्रींचं मत दिवाळीनंतर, झाड प्रत्यक्ष बघून. तोपर्यंत वनखात्याचा अर्ज भरून ठेवते, दिला नाही तरी चालेल.